तळाशी तीन अक्षरं आणि अर्धं फाटलेलं स्टिकर: म्युझियम शॉपची जुनी पेपरवेटं ओळखायची कशी?

निळाई | शनिवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. गेली पाच वर्षं मी काचेची पेपरवेटं जमवतेय. संग्रह लहानच आहे, सव्वीस नग. त्यातल्या तिघांनी मला सध्या भंडावून सोडलंय. तिन्ही कधी ना कधी एखाद्या संग्रहालयाच्या दुकानातून विकली गेली असणार, इतपत मला कळतंय. पण कुणी घडवली, कधी घडवली, याचा पत्ता लागत नाही.

पहिलं: पांढऱ्या जाळीदार काचेवर अंतरा-अंतरावर रंगीत चकत्या, मिलेफिओरी नक्षी. तळाला मधोमध खोलगट भाग घासून गुळगुळीत केलेला आणि कडेला अगदी बारीक, धुरकट अक्षरांत एम, एम, ए. भिंगाशिवाय दिसत नाहीत.

दुसरं: घुमटासारखी साधी काच, तिच्याखाली एका जुन्या चित्राची छपाई, आणि तळाला हिरवी बनात चिकटवलेली.

तिसरं माझं सगळ्यात लाडकं. आत एकच पॅन्सीचं फूल, वरच्या दोन पाकळ्या जांभळ्या, खालच्या तीन पिवळसर. तळाला चांदणीसारखे छेद. त्यावर एका अमेरिकन संग्रहालयाच्या दुकानाचं सोनेरी स्टिकर, अर्धं फाटलेलं. विकणाऱ्याने मला ते "जुनं बॅकारा, १८५० च्या आसपासचं" (बॅकारा म्हणजे फ्रान्सचा काचेचा कारखाना) असं सांगून दिलं होतं.

सुरुवात कुठून करू?

अबोली | शनिवार, रात्री ९:४०

निळाई, पॅन्सीचा फोटो बघत बसले कितीतरी वेळ. उत्तर माझ्याकडे नाही, पण एक कळकळीची विनंती आहे: त्या स्टिकरला पाणी लावू नकोस. माझ्याकडे असंच एक होतं, धूळ बसलेली म्हणून रात्रभर कोमट पाण्यात ठेवलं. सकाळी काच लख्ख झाली आणि स्टिकरचा लगदा तळाशी बसलेला. त्यावर काय लिहिलं होतं ते मी वाचूनही ठेवलं नव्हतं. आता त्या पेपरवेटला नाव नाही, गाव नाही. आठ वर्षं झाली, अजून चुटपुट लागते.

भिंगधारी | शनिवार, रात्री १०:२५

अबोलीताईंचं पहिलं ऐका. धूळ असेल तर मऊ, कोरडा ब्रश. स्टिकर, बनात, पेन्सिलीने लिहिलेला आकडा, यातलं काहीही काढायचं नाही.

मी तीस वर्षं हेच करतोय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. म्युझियम शॉपच्या पेपरवेटात एक गोष्ट सारखी गोंधळात टाकते. तळावरची अक्षरं किंवा स्टिकर आपल्याला विकणारा सांगतात. घडवणारा त्यांच्यामागे असतो आणि पुष्कळदा त्याचं नाव कुठेच नसतं. एमएमए म्हणजे न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्युझियम ऑफ आर्ट. त्यांच्या दुकानासाठी केलेल्या प्रतिकृतींवर ही अक्षरं असतात, दागिन्यांवरही असतात. म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट वेगळं, ते स्वतःला मोमा म्हणवतं. या दोघांची गल्लत विक्रीच्या पानांवर रोज दिसते. पण मेटमध्ये काचेची भट्टी नाही. कुठल्या तरी कारखान्याने किंवा स्टुडिओने ते घडवलं, संग्रहालयाने ठप्पा मारून घेतला.

अशा दुकानांत पेपरवेट आलं कसं, तेही सांगतो. १८४५ मध्ये व्हिएन्नाच्या औद्योगिक प्रदर्शनात व्हेनिसच्या पिएत्रो बिगाल्याने मिलेफिओरी पेपरवेटं मांडली. त्याच सुमाराला फ्रान्सच्या सेंट लुई, बॅकारा आणि क्लिशी या तीन कारखान्यांनी हे काम हाती घेतलं आणि जेमतेम पंधरा वर्षांत असं काही करून ठेवलं की आजही अभिजात काळ म्हटलं की १८४५ ते १८६० एवढंच डोळ्यांपुढे येतं. मग फॅशन ओसरली, कसब जवळजवळ विसरलं गेलं. १९५१ साली बॅकारा गावातल्या बॉम्बहल्ल्यात पडलेल्या चर्चच्या कोनशिलेत १८५३ तारखेचं एक पेपरवेट सापडलं आणि कारखान्याला स्वतःचीच जुनी विद्या पुन्हा शिकावीशी वाटली. १९५३ पासून बॅकारा आणि सेंट लुई दोघांनी नव्याने सुरुवात केली.

दरम्यान जुनी पेपरवेटं संग्रहालयांच्या कपाटांत जाऊन बसली होती. विस्कॉन्सिनमधल्या नीनाह गावी इव्हँजेलिन बर्गस्ट्रॉम यांच्या संग्रहासाठी त्यांच्याच घरात १९५९ मध्ये संग्रहालय उघडलं. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आर्थर रुब्लॉफ यांची हजारावर पेपरवेटं आहेत. कॉर्निंगचं काचेचं संग्रहालय १९५१ चं. माणूस कपाटासमोर अर्धा तास उभा राहतो आणि बाहेर पडताना त्याला तसलंच काहीतरी हातात धरायचं असतं. दुकानातली पेपरवेटं या इच्छेतून आली. त्यामुळे ती जुन्यासारखी दिसणारच, तशीच ती मागवलेली असतात. त्यात फसवणूक नाही. फसवणूक होते ती स्टिकर गेल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या हातात.

पॅन्सीबद्दल: जुन्या बॅकाराच्या फुलांमध्ये पॅन्सीच सर्वांत जास्त सापडते आणि तळाला चांदणी कापायची ही बॅकाराचीच लकब. म्हणूनच नक्कलही तिचीच सर्वांत जास्त झाली. तुमचं पेपरवेट हातात घेतल्यावर कसं लागतं? थंड, जड, की आकाराच्या मानाने हलकं?

निळाई | शनिवार, रात्री १०:५१

काका, (काका म्हटलं तर चालेल ना?) खरं सांगायचं तर एमएमएवालं हातात घेतलं की हात खाली जातो. पॅन्सी तेवढी जड वाटत नाही. पण ती आकारानेही थोडी लहान आहे, त्यामुळे माझा अंदाज कितपत धरावा कळत नाही.

मोजपट्टी | रविवार, सकाळी ७:३५

अंदाज कशाला, मोजूनच टाका. अर्धा तासाचं काम आहे आणि काचेला काही इजा होत नाही.

एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा घ्या. आधी पेपरवेट कोरडं तोला. समजा ४१२ ग्रॅम भरलं. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवा, पेपरवेट पूर्ण बुडेल एवढं पाणी हवं, आणि आकडा शून्यावर आणा. आता पेपरवेटाला दोऱ्याचा फास घालून ते पाण्यात सोडा. पूर्ण बुडायला हवं पण तळाला किंवा कडेला टेकता कामा नये, दोरा हातातच. काट्यावर जो आकडा येईल तो पेपरवेटाने बाजूला सारलेल्या पाण्याचा, समजा १३८. कोरडं वजन भागिले हा आकडा: ४१२ भागिले १३८ म्हणजे २.९९. ही झाली घनता.

साधी सोडा-चुन्याची काच २.५ च्या आसपास येते. शिशाची काच, म्हणजे क्रिस्टल, २.९ ते ३.१ आणि शिसं जास्त असेल तर त्याच्याही वर. जुनं बॅकारा आणि सेंट लुई तीनच्या पुढे जातं.

दोन ठिकाणी हमखास चुकतं. पेपरवेट भांड्याला टेकलं की आकडा एकदम उडी मारतो. आणि तळ खोलगट असेल तर त्याखाली हवेचा बुडबुडा अडकून बसतो, घनता कमी दिसते. पाण्यात सोडताना पेपरवेट तिरकं करा, बुडबुडा बाहेर येताना दिसेल.

आणि हो, निळाई, स्टिकरवालं बुडवायचं नाही! त्याला आधी पातळ प्लास्टिकची पिशवी घाला, हवा पूर्ण दाबून काढा, तोंड पाण्याबाहेर धरा. दशांशाच्या दुसऱ्या स्थानी थोडी चूक येईल, पण २.५ आणि ३ यांतला फरक लपणार नाही.

अबोली | रविवार, सकाळी ८:०५

पिशवीची युक्ती मला आठ वर्षांपूर्वी कुणी सांगायला हवी होती.

कांडीवाली | रविवार, दुपारी १:२०

मी घरी टॉर्चवर, म्हणजे गॅसच्या ज्वालेवर, काचेचे मणी करते, कधीमधी साध्या कांड्याही ओढते. त्यामुळे एमएमएवाल्याच्या चकत्यांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

प्रत्येक रंगीत चकती म्हणजे काचेच्या लांब कांडीचा काप. संग्राहक तिला केन म्हणतात. तापलेल्या काचेचा गोळा दात्यांच्या साच्यात दाबायचा, त्यावर दुसऱ्या रंगाचा थर, पुन्हा साचा, पुन्हा थर. मग दोन माणसांनी दोन टोकं धरून एकमेकांपासून लांब चालत जायचं. मुठीएवढा गोळा पेन्सिलीएवढा बारीक होतो आणि आतली नक्षी जशीच्या तशी राहते, फक्त लहान होते. अशा सात-आठ कांड्या एकत्र बांधून, तापवून, पुन्हा ओढल्या की फुलाच्या आत फुलं येतात. मग पाव पेराएवढे काप करून ते नक्षीप्रमाणे मांडायचे, तापवायचे, वितळलेल्या स्वच्छ काचेत उचलायचे, वर घुमट चढवायचा आणि भट्टीत हळूहळू निववायचं. निवण्यात घाई झाली की आठवड्याने टेबलावर बसल्या-बसल्या तडकतं. माझी तडकलीत.

आता याचा ओळखीसाठी उपयोग. साचे कारखान्याचे असतात आणि वर्षानुवर्षं चालतात. म्हणून चकती ही सहीसारखी. निळाई, दहापटीचं भिंग घे आणि एकच चकती निवड. मधे काय आहे? चांदणी असेल तर टोकं किती? पाच, सहा, आठ? तिच्याभोवतीच्या कड्याला दाते किती, ते टोकदार की गोल? रंगांचा क्रम आतून बाहेर कसा? एका कागदावर लिही. मग ज्यांचा कर्ता ठाऊक आहे अशा पेपरवेटांच्या फोटोंशी ताडून बघ. एक चकती जुळली तर योगायोग म्हणायचा. तीन वेगवेगळ्या जुळल्या की मी मान डोलावते.

काही जणांनी सही चकतीतच ठेवलेली असते. स्कॉटलंडच्या पर्थशायरचा पी, पॉल इझार्टचा पीवाय, इंग्लंडच्या व्हाइटफ्रायर्सचा छोटासा साधू. पर्थशायर १९६८ ते २००२, आणि व्हाइटफ्रायर्स १९८० मध्ये बंद झालं. म्हणजे सही सापडली तर काळाच्या दोन्ही कडाही हाती येतात.

भिंगधारी | रविवार, दुपारी २:०२

कांडीवाली, फार सुंदर लिहिलंत. तारखेच्या चकतीबद्दल एक पुरवणी. जुन्या बॅकाराच्या तारखा बहुतेक १८४६ ते १८४९ या चार वर्षांच्या, त्यातही १८४८ जास्त; चर्चमधलं १८५३ चं हा अपवाद. तिथे प्रत्येक अंक स्वतंत्र कांडीत असतो आणि अंकांचे रंग वेगवेगळे, लाल, निळा, हिरवा. नुसतं "१८४८ लिहिलंय" एवढ्यावर जाऊ नका. १८४८ तारीख घातलेल्या इंग्लिश शाईच्या दौती आणि पेपरवेटं बराच काळ व्हाइटफ्रायर्सची, त्याच सालची म्हणून मिरवली. आता ती विसाव्या शतकातली, बर्मिंगहॅमकडची मानली जातात. काचेत कोरलेली तारीखही वाद घालते ती अशी.

पुठ्ठापेटी | रविवार, संध्याकाळी ६:४५

मी पेपरवेटं जमवत नाही, त्यांचे खोके जमवतो. दुकानाचे खोके, माहितीची कार्डं, पावत्या. त्यामुळे माझी बाजू कागदाची.

म्युझियम शॉपच्या वस्तूसोबत बहुधा एक घडीचं कार्ड असायचं: मूळ वस्तू कुठली, कुठल्या दालनात, कुठल्या शतकातली. नवे मालक ते फेकून देतात. तसं करू नका. त्या कार्डावरून काळ कसा काढतात ते सांगतो.

अमेरिकेतला पत्ता असेल तर पिनकोड बघा. तिकडे पाच आकडी झिप कोड १९६३ मध्ये आला. चार आकडे जोडलेला लांब कोड १९८३ मध्ये. बारकोड असेल तर १९७४ च्या आधीचं नाही, कारण दुकानात पहिला बारकोड त्या वर्षी जूनमध्ये वाचला गेला. संकेतस्थळाचा पत्ता असेल तर १९९० नंतरचं. "पश्चिम जर्मनी" असेल तर १९९० च्या ऑक्टोबरच्या आतलं, "चेकोस्लोव्हाकिया" असेल तर १९९२ संपण्याआधीचं. हे नियम एकाच बाजूने चालतात. खूण आहे म्हणजे पुरावा. नाही म्हणजे काहीच नाही. बारकोड नसलेली कितीतरी कार्डं नव्वदच्या दशकातलीही आहेत.

संग्रहालयाचं नावही बघा. वॉशिंग्टनचं आजचं स्मिथसोनियन अमेरिकन आर्ट म्युझियम १९८० पर्यंत नॅशनल कलेक्शन ऑफ फाइन आर्ट्स होतं, मग २००० पर्यंत नॅशनल म्युझियम ऑफ अमेरिकन आर्ट. कार्डावर मधलं नाव असेल तर वीस वर्षांची चौकट फुकट मिळाली.

आणि कॉपीराइटच्या चिन्हापुढचं साल म्हणजे वस्तू घडवल्याचं साल नव्हे. ते चित्राचं किंवा मजकुराचं. तीच कार्डं पुढे अनेक वर्षं छापत राहतात.

निळाई, ते फाटकं स्टिकर. फाटलेल्या कडेखाली दुसरं काही दिसतंय का? अमेरिकेत आयात मालावर देशाचं नाव लागतं, १८९१ पासून. कागदी चिठ्ठी चालते. दुकानं पुष्कळदा स्वतःचं स्टिकर बरोबर त्याच्यावर चिकटवत.

निळाई | रविवार, रात्री ९:३०

मंडळी, आज दिवसभर हेच केलं. हात अजून थरथरताहेत.

घनता आधी. एमएमएवालं: कोरडं ४६८, पाण्यात १५७. म्हणजे २.९८. बुडबुडा खरंच अडकला होता, मोजपट्टी! पहिल्यांदा आकडा थोडा कमी आला, मग तिरकं केल्यावर मोत्याएवढा बुडबुडा निघून वर आला.

पॅन्सी, पिशवीत घालून: कोरडी ३८५, पाण्यात १५३. म्हणजे २.५२. तीनदा मोजलं. तिन्ही वेळा २.५ च्या आसपासच.

आणि स्टिकर. खिडकीजवळ नेऊन, फाटलेल्या कडेला बाजूने टॉर्च मारला. सोनेरी कागदाच्या खाली एक पांढरी, अगदी पातळ चिठ्ठी आहे. तिच्यावरची निळी अक्षरं अर्धीच दिसतात: "मेड इन चा". त्यापुढे सोनेरी कागद.

सोनेरी स्टिकरवर दुकानाच्या पत्त्याचा शेवट वाचता येतो. पाच आकडे आहेत. पुढे चार नाहीत.

मोजपट्टी | रविवार, रात्री ९:४४

मग ती जुनं बॅकारा नाही. २.५२ ला शिशाची काच बसत नाही. आतल्या रंगीत काचेमुळे आकडा थोडा इकडेतिकडे होतो, पण एवढा नाही.

पुठ्ठापेटी | रविवार, रात्री १०:१०

निळाई, तुम्हाला कल्पना नाही तुमच्या हातात काय आलंय. दोन चिठ्ठ्या एकावर एक, हे फार क्वचित टिकतं.

बघा कसं जुळतं. झिप कोड आहे म्हणजे स्टिकर १९६३ नंतरचं. खाली चायना. अमेरिकेने चिनी मालावर १९५० च्या डिसेंबरात बंदी घातली ती १९७१ च्या जूनपर्यंत होती. त्या काळात अमेरिकन संग्रहालयाच्या दुकानात उघडपणे चिनी माल येणं कठीण. म्हणजे पेपरवेट १९७१ नंतर दुकानात आलं. पाचच आकडे आहेत म्हणून १९८३ च्या आधीचं, असं मात्र म्हणता येणार नाही. लांब कोड पुष्कळांनी कधीच वापरला नाही. १९७१ नंतरचं, एवढं ठाम.

भिंगधारी | रविवार, रात्री १०:३८

पुठ्ठापेटी, वा! मी तीस वर्षं काच बघतोय, ही बंदीची बाजू कधी लावून बघितली नव्हती.

चीनमध्ये फ्रेंच पेपरवेटांच्या नकला १९३० च्या दशकापासून होत आल्यात. त्या काचेला किंचित पिवळसर किंवा हिरवट झाक असते. पांढऱ्या कागदावर ठेवून बाजूने बघा, घुमटाच्या कडेला रंग साचलेला दिसेल. शेजारी एमएमएवालं ठेवा म्हणजे फरक डोळ्यांत भरेल.

निळाई, वाईट वाटलं असेल तर समजू शकतो. माझ्या पहिल्या "क्लिशी"चं असंच झालं होतं. पण ज्याने त्या पाकळ्या ज्वालेपुढे एकेक करून वळवल्या, त्याने मन लावूनच वळवल्यात. तुमच्या फोटोत खालच्या मधल्या पाकळीवर काळ्या रेषा आहेत, मोजा, प्रत्येक स्वतंत्र ओढलेली आहे.

निळाई | रविवार, रात्री ११:०२

नऊ रेषा आहेत काका.

वाईट वाटलं, पहिला अर्धा तास. मग मी ती पुन्हा हातात घेतली. आधी तिच्याकडे बघताना मला १८५० दिसायचं, आता फूल दिसतंय.

कांडीवाली | सोमवार, सकाळी ९:१५

नऊ रेषा त्या आकाराच्या पाकळीवर ओढणं काय असतं ते मला विचारा. केसाएवढी कांडी, आणि ज्वाला जरा जवळ गेली की रेघ पसरते.

एमएमएवाल्याचं काय ठरलं? चकत्यांची नोंद केलीस का?

निळाई | सोमवार, दुपारी १२:४०

चार चकत्या लिहून काढल्या. पहिली: मधे सहा टोकांची पांढरी चांदणी, भोवती निळं कडं, त्याला बारा गोल दाते, बाहेर पुन्हा पांढरा पातळ थर. दुसरी तशीच, निळ्याऐवजी वीटकरी. तिसरीत मधे चांदणी नाही, सात पोकळ नळ्यांचा जुडगा आहे. चौथीचं मला नीट वर्णन करता येत नाही, जाड भिंतीची फुलासारखी, आठ पाकळ्या. तारीख किंवा अक्षराची चकती नाही. मागून-पुढून तासभर शोधली.

तळाची झीज: कडेला एक पातळ रिंगण आहे, बारीक ओरखड्यांचं, सगळ्या दिशांना गेलेले.

भिंगधारी | सोमवार, दुपारी १:१५

सगळ्या दिशांना, हे चांगलं लक्षण. वर्षानुवर्षं टेबलावर उचलून-ठेवून पडणारे ओरखडे असेच येतात, लांबी-खोली कमी-जास्त. एकाच दिशेने समांतर जात असतील तर समजावं की कुणीतरी पॉलिशपेपर फिरवून वय वाढवलंय. पण झीज पातळ आहे म्हणताय, घनता २.९८, खोलगट तळ नीट घासलेला, अक्षरं आम्लाने किंवा तत्सम रीतीने उमटवलेली. मी एवढंच म्हणेन: शिशाची चांगली काच, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं काम, मेटच्या दुकानासाठी. कर्त्याचं नाव मी घालणार नाही. २.९८ आहे म्हणून "बॅकारा असावं" असं कुणी म्हणालं तर त्यांना सांगा, आधुनिक बॅकाराच्या तळाला त्यांचा स्वतःचा आम्लाने उमटवलेला गोल शिक्का असतो, आणि क्रिस्टल तर स्कॉटलंडपासून बोहेमियापर्यंत सगळेच वितळवतात.

आणि कुणीही सांगितलं तरी घुमट पॉलिश करायला देऊ नका. मी एकदा दिलं होतं, ओरखडे घालवायला. ओरखडे गेले आणि घुमटाची गोलाईही. तो घुमट हेच भिंग असतं, त्याच्यामुळे आतली नक्षी मोठी दिसते. परत आलं तेव्हा फुलं बसकी, लांबट दिसायला लागली होती.

मोजपट्टी | सोमवार, दुपारी ३:०५

भिंगावरून आठवलं, पेपरवेट उन्हाच्या खिडकीत ठेवू नका. ऊन एका बिंदूत गोळा होतं, खाली कागद असेल तर पेटतो. हे ऐकीव नाही, माझ्या वहीच्या पुठ्ठ्याला तपकिरी भोक आहे.

अतिनील दिव्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आखूड लहरींच्या, २५४ नॅनोमीटरच्या दिव्याखाली शिशाची काच बर्फासारखी निळसर चमकते. बाजारात मिळणारी ३६५ ची टॉर्च लांब लहरींची, तिच्याखाली मँगेनीज घातलेली काच फिकट हिरवी दिसते. एकट्या पेपरवेटावर दिवा मारून रंगाचं नाव ठरवण्यात अर्थ नाही, डोळा फसतो. कर्ता ठाऊक असलेलं एक शेजारी ठेवून, पूर्ण अंधारात, दोन्ही एकदम बघायची. आखूड लहरी डोळ्यांना घातक असतात, चष्मा घातल्याशिवाय तो दिवा लावू नका. साधी काचही त्या अडवते.

अबोली | सोमवार, संध्याकाळी ५:५०

दुसऱ्या पेपरवेटाला सगळे विसरलात का? बनातवालं, छापील चित्राचं.

पुठ्ठापेटी | सोमवार, संध्याकाळी ६:२०

ते माझ्या वाट्याचं. अशा पेपरवेटात काच कुठूनही घाऊक आलेली असते, संग्रहालयाचं असतं ते चित्र. घुमटातूनच भिंग लावून बघा. चार रंगांच्या ठिपक्यांची गुलाबासारखी वर्तुळं दिसली तर ऑफसेटची छपाई. ठिपके विखुरलेले, रांगेत न बसणारे असतील तर बहुधा इंकजेट, म्हणजे अलीकडचं. ठिपकेच नसतील आणि रंग सलग उतरत असतील तर फोटोचा कागद. बनात उचकटून बघू नका, तिच्या मागे बहुतेक वेळा कोरा पुठ्ठा असतो. कडेला कुठे सुटली असेल तर तेवढ्यातून टॉर्च मारा.

आणि काचेच्या ठोकळ्यात आतल्या आत बारीक पांढऱ्या ठिपक्यांनी कोरलेले पुतळे, इमारती असतात ना, ते लेझरचं काम आहे. नव्वदच्या दशकाआधीचं नसतं. "जुनं" म्हणून कुणी देत असेल तर घेऊ नका.

निळाई | सोमवार, रात्री ८:३०

गुलाबासारखी वर्तुळं आहेत! निळी, लाल, पिवळी, काळी. कड्या स्पष्ट दिसतात. म्हणजे ऑफसेट.

मी आता प्रत्येकासाठी एक कार्ड केलंय. कोरडं वजन, घनता, व्यास, तळाचं वर्णन, चकत्या, आणि स्टिकरवरचं प्रत्येक अक्षर जसं दिसतं तसं. फाटलेलं फाटलेलं म्हणूनच लिहिलंय, पूर्ण करून नाही. पॅन्सीच्या कार्डावर "जुनं बॅकारा" खोडलं नाही, त्याच्यापुढे "विकणाऱ्याचं म्हणणं" एवढं लिहिलं आणि खाली आपलं सगळं गणित.

कांडीवाली, ती आठ पाकळ्यांची चौथी चकती. उद्या सकाळी खिडकीच्या उजेडात तिचा एकटीचा फोटो काढते, शेजारी पट्टी ठेवून. मधे काहीतरी फिकट गुलाबी आहे, आज दिव्यात नीट दिसलं नाही.

कांडीवाली | सोमवार, रात्री ८:४१

पट्टी मिलिमीटरची ठेव. आणि घुमटावर दोन थेंब पाणी टाकून वर सपाट काच ठेवलीस तर चमक कमी होईल, आतलं सरळ दिसेल. या नगाला स्टिकर नाही, म्हणून सांगतेय.